स्प्रे आधी, तेलरंग नंतर

हल्ली प्रदर्शनांत एक ठरावीक चित्र वारंवार दिसतं. मन लावून केलेलं व्यक्तिचित्र, चेहऱ्याचा अभ्यास चोख, आणि सगळं झाल्यावर, सहीच्या जरा आधी, त्यावर गुलाबी नाहीतर पोपटी स्प्रेचा एक फराटा, चार ओघळ, कोपऱ्यात न वाचता येणारी अक्षरं. पुण्यातलं बालगंधर्वचं कलादालन असो की एखाद्या कॅफेची भिंत, ‘स्ट्रीट आर्ट आणि फाइन आर्टचा मिलाफ’ म्हणून हेच समोर येतं. ते दिसतं कसं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग. पण रसायनाच्या हिशेबानं तो फराटा नको तिथे बसलेला असतो. खालचा तेलरंग पुरता वाळलेला नसतो, त्यावर स्प्रेमधलं जहाल थिनर पडतं, मग कधी पाच मिनिटांत रंग सुरकुततो, तर कधी वर्षा-दोन वर्षांनी तडकतो.

दोन्ही गोष्टी एका चित्रात टिकवायच्या असतील तर क्रम उलटा लागतो. भिंतीवरचं जे जे आहे, स्प्रे, स्टेन्सिल, फाटकी पोस्टरं, ओघळ, ते सगळं तळाशी. स्टुडिओतलं काम, तेलरंगाचे पातळ थर आणि चेहरा-हातांचे बारकावे, ते वर. आणि स्प्रे वर दिसायला हवा असेल तर त्याची जागा राखायची. तेलरंग त्या कडेपर्यंत येऊन थांबतो. बघणाऱ्याला वाटतं स्प्रे शेवटी मारलाय, प्रत्यक्षात तो सगळ्यात आधी पडलेला असतो.

स्प्रे हे रस्त्यावरच्या पोरांचं हत्यार आणि तेलरंग अकादमीचा, ही वाटणी तशी अलीकडची. मेक्सिकोचा चित्रकार दाविद अल्फारो सिकेरोस यानं १९३२ मध्ये लॉस एंजेलिसला सिमेंटच्या भिंतींवर स्प्रेगन वापरून भित्तिचित्रं केली. त्यातलं ‘आमेरिका त्रोपिकाल’ लवकरच पांढऱ्या रंगाखाली गाडलं गेलं आणि संवर्धनानंतर २०१२ मध्ये पुन्हा लोकांसमोर आलं. १९३६ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं चालवलेल्या कार्यशाळेत गाड्यांना मारायचे नायट्रोसेल्युलोज रंग, स्प्रेगन, स्टेन्सिल, ओतलेला रंग असं सगळं चालायचं, आणि तिथे येणाऱ्यांत पुढे ओतलेल्या रंगाच्या चित्रांसाठी गाजलेला जॅक्सन पोलॉक होता. हातात मावणारा स्प्रेचा कॅन त्याच्या नंतरचा, १९४९ चा. अमेरिकेत एडवर्ड सेमूरनं तो काढला तो रेडिएटरला चंदेरी रंग मारायला. कलेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं.

न्यूयॉर्कचा चित्रकार जाँ-मिशेल बास्किया याचं १९८२ चं कवटीचं चित्र २०१७ मध्ये सदबीजच्या लिलावात ११ कोटी ५ लाख डॉलरला गेलं, तो आकडा सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या माहितीतली माध्यमाची ओळ कुणी वाचत नाही: कॅनव्हासवर अॅक्रेलिक, स्प्रे पेंट आणि ऑइलस्टिक. तिन्हीत सावकाश वाळणारी ऑइलस्टिक, म्हणजे कांडीच्या रूपातला तेलरंग. आयर्लंडमधल्या कॉर्कचा कॉनर हॅरिंग्टन, जन्म १९८०, ग्रॅफिटीतून, म्हणजे भिंतीवरच्या स्प्रेच्या अक्षरकामातून आला. अठराव्या शतकातल्या लष्करी पोशाखातली माणसं तो तेलरंगात घडवतो आणि त्याच चित्रात स्प्रेचे सपाट, उद्धट तुकडे ठेवतो. आमच्या मते या सगळ्यांत शिकण्यासारखी जोडी म्हणजे स्पेनमधल्या वॅलेन्सियाची पिचिआव्हो. ग्रॅफिटीच्या अक्षरांचं दाट रान आणि त्यातून वर येणाऱ्या ग्रीक शिल्पांसारख्या आकृत्या. अक्षरं तिथे सजावटीला आलेली नसतात, आकृतीची सावली त्यांच्यातूनच तयार होते.

आता कामाचं.

तळ

या प्रकारात खरवडणं, घासणं, फाडणं भरपूर असतं, म्हणून पहिली पसंती प्लायला. ३ बाय ४ फुटांपर्यंत १२ मिलिमीटरचा प्लाय तसाच चालतो. त्याहून मोठ्याला ९ मिलिमीटरचा घ्या आणि मागून दीड-दोन इंची पट्ट्यांची चौकट मारून घ्या, नाहीतर उचलायला दोन माणसं लागतील. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मरीन किंवा बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या) प्रतीचा मागायचा. स्वस्त कमर्शियल प्लाय जुलैत फुगतो आणि कडेनं थर सुटतात. पुढून जितके हात प्रायमर मारला तितकेच मागून आणि चारही कडांना मारायचे. एकच बाजू रंगवली की उघडी बाजू ओल पिते आणि फळी बाक धरते. ही चूक इतकी सर्रास होते की फ्रेम करणाऱ्यांना आता तिचं काही वाटेनासं झालंय.

कॅनव्हासच हवा असेल तर जाड सुती घ्या, चौरस मीटरला ३५० ते ४०० ग्रॅमचा. ४ बाय ५ फुटांच्या चौकटीला मधोमध आडवी-उभी पट्टी हवीच. जेसोचे, म्हणजे कॅनव्हासच्या पांढऱ्या प्रायमरचे, तीन हात: पहिल्यात २० टक्के पाणी, पुढच्या दोन्हीत जेमतेम ५ ते १०. एक हात उभा, दुसरा आडवा, मध्ये तीन-चार तास, आणि प्रत्येक हातानंतर २२० नंबरचा पॉलिशपेपर. या मापाला एका हाताला साधारण पाव लिटर जेसो जातो. शेवटच्या हातानंतर स्प्रे दुसऱ्या दिवशी चालेल, पण त्यावर थेट तेलरंग येणार असेल तर तीन दिवस थांबा. वरून कोरडा लागला तरी आतलं पाणी निघायला तेवढा वेळ लागतो.

भिंतीचा खडबडीतपणा आणायला काही जण कॅनव्हासवर हार्डवेअरच्या दुकानातली वॉल पुट्टी थापतात. ती पांढऱ्या सिमेंटची असते, तिला लवचिकपणा नाही. कॅनव्हास पावसाळ्यात सैल, उन्हाळ्यात ताठ होतो, पुट्टी तिथेच राहते आणि भेगा पडून पापुद्रे सुटतात. पुट्टी प्लायवरसुद्धा भरवशाची नाही. अॅक्रेलिक मॉडेलिंग पेस्ट महाग पडते हे खरं, पण ३ मिलिमीटरच्या आत दोन-तीन थरांत लावली तर तडकत नाही. एकदम जाड थापली तर तीही वाळताना फाटते.

फ्लेक्सवर चित्र काढायचा मोह पुण्यात कुणालाही होईल, शहरभर तेच टांगलेलं असतं. टाळा. फ्लेक्समधल्या पीव्हीसीला मऊ ठेवणारं रसायन हळूहळू वर झिरपतं आणि तेलरंग महिनोन्‌महिने चिकट राहतो.

रस्त्याचा थर

सुरुवात ओघळांपासून. तेलरंगात भरपूर टर्पेंटाइन घालून ओघळ काढले तर रंगाला धरून ठेवणारं तेलच उरत नाही, वाळल्यावर बोट फिरवलं की भुकटी निघते. म्हणून ओघळ पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचे आणि आधीच. शेतीसामानाच्या दुकानात दीड-दोन लिटरचा हातपंप मिळतो, फवारणीचा. त्यात १ भाग अॅक्रेलिक रंग, १ भाग मॅट मीडियम (रंग धरून ठेवणारं, न चमकणारं पारदर्शक माध्यम) आणि ३ भाग पाणी, जुन्या साडीच्या कपड्यातून दोनदा गाळून. गाळलं नाही तर दुसऱ्या मिनिटाला नोझल चोंदणार. मीडियम टाळून नुसतं पाणी वाढवलं तर थर कमजोर होतो आणि मास्किंग टेपबरोबर उचलून येतो. जाड, सावकाश उतरणारे ओघळ हवे असतील तर बूटपॉलिशची स्पंज लावलेली रिकामी बाटली धुऊन त्यात अॅक्रेलिक शाई भरा आणि दाबून रेघ ओढा. ग्रॅफिटीवाल्यांचा हा जुना जुगाड विकतच्या मार्करपेक्षा चांगला चालतो.

पोस्टरचे थर हवे असतील तर ते ओघळांच्या नंतर. पॅरिसमध्ये १९४० च्या दशकाअखेरीस जाक विलेग्ले आणि रेमों हेन्स यांनी रस्त्यावरची फाटकी पोस्टरं उचलून तीच चित्र म्हणून मांडली. स्टुडिओत तसं घडवायचं तर पाच-सहा थर चिकटवा, प्रत्येक थर रात्रभर वाळू द्या. मग हवी ती जागा ओल्या स्पंजनं पाच मिनिटं भिजवून कडेपासून सावकाश फाडा. वरच्या कागदाबरोबर खालचाही थोडा निघतो, तीच तर गंमत.

चिकटवायला भिंतीवर खळ, कॅनव्हासवर नाही. खळीचं माप सोपं आहे: १ वाटी मैदा १ वाटी थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, ४ वाट्या उकळत्या पाण्यात धार धरून ओता, पाच-सात मिनिटं ढवळा, पारदर्शक झाली की उतरवा. बुरशी आणि झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घालायची रीत आहे. मोरचूद विषारी आहे, स्वयंपाकाचं पातेलं त्यासाठी वापरू नका. घरात टांगायच्या चित्रात खळ गेली की पहिल्याच पावसाळ्यात बुरशी आणि पाठोपाठ कसर. कॅनव्हासला आणि प्लायला मॅट मीडियम वापरा, कागदाच्या खाली आणि वर दोन्हीकडे. वर्तमानपत्राचा कागद काही महिन्यांत पिवळा-तपकिरी पडतो. तो रंग गृहीत धरूनच बाकीची रंगसंगती ठरवावी.

स्टेन्सिलवर जरा थांबू या, कारण सगळ्यात जास्त कामं तिथेच बिघडतात. ३०० जीएसएमचा कार्डपेपर पाच-सहा वेळा मारल्यावर भिजतो आणि कडा फुगतात. प्रोजेक्टरची पारदर्शक ओएचपी शीट पातळ असते, वाऱ्यानं उचलते. १७५ ते २५० मायक्रॉनची पारदर्शक शीट अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत विचारून पाहा. आणि सगळ्यात स्वस्त, अक्षरं रंगवणाऱ्या पेंटरांकडून आलेली सोय म्हणजे जुनी एक्स-रे फिल्म. पातळ केलेल्या ब्लीचमध्ये दहा-पंधरा मिनिटं बुडवली की काळा थर सुटतो, मग भरपूर पाण्यानं धुवायची. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, आणि नाव-वय छापलेला कोपरा आधी कापून टाका. कुणाची हाडं म्हणून काही चव्हाट्यावर आणायची नसतात.

कापताना आधी बारीक छिद्रं, मग आतल्या वळणांच्या कडा, सगळ्यात शेवटी मोठे तुकडे. मोठं आधी कापलं की शीट लुळी पडते आणि बारीक काम हलतं. वळणावर पातं फिरवू नका, शीट फिरवा. बंद आकारांना बाहेरच्या शीटशी जोडणाऱ्या काड्या किमान ३ मिलिमीटरच्या. देवनागरीत इथे दुहेरी अडचण आहे. ‘ब’ आणि ‘ष’ यांच्या पोटात तिरक्या रेघेमुळे दोन-दोन बेटं, म्हणजे कापल्यावर सुटून पडणारे तुकडे, होतात. शिवाय शिरोरेषा सलग कापली तर अख्ख्या शब्दाएवढी एक लांब फट पडते आणि तिच्या वरची पट्टी लोंबायला लागते. डब्यांवर, सरकारी फर्निचरवर, ट्रकवर मारलेल्या अक्षरांत शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटलेली दिसते ती म्हणूनच. ते तुटणं लपवू नका. आमच्या मते इंग्रजी ग्रॅफिटीची नक्कल करण्यापेक्षा ही तुटकी शिरोरेषा जास्त अस्सल आहे. पुणेरी पाट्यांच्या शहराला तरी अक्षरांची उसनवारी करायची गरज नसावी.

चेहऱ्यासाठी फोटो चार छटांत फोडा. आधी सगळीकडे मधला करडा, मग गडद, मग काळा, शेवटी उजळ. प्रत्येक शीटवर त्याच दोन ठिकाणी फुली कापा आणि प्रत्येक छटा शेजारच्या छटेखाली २-३ मिलिमीटर सरकलेली ठेवा, नाहीतर मध्ये पांढरी फट राहते. कॅनव्हासवर स्टेन्सिल दाबताना मागून पुठ्ठा किंवा प्लायचा तुकडा सरकवा. तो नसेल तर चौकटीच्या पट्टीचा छाप उमटतो आणि मधली जागा दबून रंग शीटखाली शिरतो. कॅन अगदी काटकोनात, २० ते २५ सेंटिमीटरवर. तिरका धरला की रंग कडेखाली घुसतो. एका दमात झाकायचा हट्ट नको, दोन-तीन झरझर फेर.

कॅन दोन जातींचे. नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या दुकानांत मिळतो तो टचअपचा: दाब जास्त, चकाकी जास्त, किंमत कमी. चित्रकारांसाठीचा आयात कॅन मॅट, कमी दाबाचा, आणि त्याच्या कॅप, म्हणजे वरची दाबायची टोपणं, बदलता येतात. बारीक कॅपनं बोटाएवढी रेघ, जाड कॅपनं वीतभर पट्टा. टचअपच्या कॅनचं तोंड वेगळं असतं, त्यावर या कॅप बसतीलच असं नाही. सगळेच रंग महागडे घ्यायची गरज नाही. मॅट काळा, मॅट पांढरा आणि दोन करडे आयात घ्या, कारण तेलरंग यांच्यावर बसणार आहे. ठळक, राखीव तुकड्यांचे रंग देशी चालतात. ४०० मिलिलिटरचा कॅन एका हातात साधारण दीड-दोन चौरस मीटर झाकतो, म्हणजे ४ बाय ५ फुटांच्या पार्श्वभूमीला दोन कॅन धरा. आतली गोटी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा. काम झालं की कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत दाबा, कॅप साफ होते.

एप्रिल-मेच्या दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर थेंब पोहोचायच्या आधी हवेतच वाळतात, पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो आणि त्यावर तेलरंग मारला की तो ठिकठिकाणी कमीजास्त पितो. सकाळी लवकर मारा. पावसाळ्यात उलट त्रास: थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि काळ्यावर दुधी झाक येते. कॅन गाडीच्या डिकीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर ठेवू नका अशी सूचना कॅनवर छापलेली असते, आणि उन्हात उभ्या गाडीत तेवढं सहज होतं.

मास्कबद्दल एकच सांगतो: एन-९५ थेंब आणि धूळ अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. अर्धा चेहरा झाकणारा, ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज आणि पुढे धुळीची गाळणी असलेला रेस्पिरेटर लागतो. वास यायला लागला की कार्ट्रिज संपली. वापरात नसताना ती घट्ट झिपच्या पिशवीत ठेवायची. बाहेर टांगली तर ती खोलीतली वाफ शोषत बसते आणि आपोआप संपते.

फ्लोरोसंट रंग फक्त पांढऱ्यावर उठतात आणि उन्हात काही महिन्यांत उतरतात. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या भिंतीसाठी चित्र असेल तर वापरूच नका आणि घेणाऱ्यालाही तसं सांगा.

राखीव जागा

स्प्रेचा थर पूर्ण झाला की मोबाइलवर फोटो काढा आणि त्यावरच आखून ठरवा: हा पट्टा राखायचा, ही अक्षरं अर्धी बुडवायची, हा ओघळ गालावरून जाताना दिसला पाहिजे. ब्रश हातात घेतल्यावर हे ठरत नाही, तेव्हा सगळंच झाकावंसं वाटतं. कडा तीन तऱ्हेच्या ठेवता येतात: टेपची धारदार, कोरड्या ब्रशनं विरत गेलेली, आणि ओल्या तेलरंगात पॅलेट नाइफनं खरवडून खालचा स्प्रे उघडा केलेली. तिन्ही एकाच चित्रात असतील तर डोळा फिरत राहतो. फक्त टेपच्या कडा असतील तर चित्र कात्रणवहीसारखं दिसतं.

साधी पिवळट मास्किंग टेप उन्हाळ्यात डिंक मागे सोडते आणि कमजोर थर उपटून काढते. कमी चिकटीची निळी नाहीतर हिरवी टेप घ्या, तीही आधी पँटवर एकदा चिकटवून काढा. टेपच्या कडेवरून मॅट मीडियमचा पातळ हात मारला की पुढचा रंग आत शिरत नाही. काढायची त्याच दिवशी, ४५ अंशांत मागे दुमडून.

तेलाचा थर

स्प्रे बोटाला कोरडा लागतो दहा-वीस मिनिटांत. त्यावर विसंबू नका. मॅट अॅक्रेलिक किंवा नायट्रो प्रकाराला एक दिवस, एनॅमलसारख्या टचअप रंगाला तीन दिवस आणि पावसाळ्यात आठवडा द्या. मग कोपऱ्यात परीक्षा: कापसाची काडी टर्पेंटाइनमध्ये बुडवून दहा वेळा घासा. काडीला रंग आला तर आणखी थांबा. आठवड्यानंतरही येतच राहिला तर त्या भागावर मॅट मीडियमचा एक पातळ हात देऊन तो बंद करा. चकचकीत भाग ४०० नंबरच्या वॉटरपेपरनं चमक जाईपर्यंत घासा. हे टाळलं की तेलाचा पातळ थर थेंबाथेंबानं आकसतो आणि वाळल्यावर नखानं निघतो.

करड्या छटांत स्टेन्सिलनं उभा केलेला चेहरा म्हणजे जुन्या युरोपीय चित्रकारांच्या ग्रिसाईचं, म्हणजे नुसत्या करड्या रंगातल्या तळचित्राचंच काम. छायाप्रकाश खाली तयार असतो, वरून फक्त पारदर्शक रंग चढवायचा. फरक वेळेचा: तेलरंगात जे वाळायला आठवडे जातात ते इथे एका दुपारी होतं. मात्र स्टेन्सिलच्या छटांमध्ये पायऱ्या असतात. गालाची गोलाई हवी असेल तर तिथे आधी तेलरंगानं पायऱ्या मोडाव्या लागतात, दोन छटांच्या सीमेवर मधली छटा कोरड्या ब्रशनं घासून. सगळ्याच मोडू नका. डोळ्याभोवती आणि ओठांच्या कोपऱ्यात मोडा, जबड्याला आणि मानेला तशाच ठेवा.

पहिला हात कमी तेलाचा: बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन, थोडं टर्पेंटाइन. अंबर एक-दोन दिवसांत वाळतो, कारण त्यातलं मँगनीज तेलाला लवकर वाळवतं. आयव्हरी ब्लॅक तळाला नको, तो फार सावकाश वाळतो. दुसरा हात ट्यूबमधून येईल तसा. तिसऱ्यापासून पुढे माध्यम: १ भाग जवसाचं तेल, २ भाग टर्पेंटाइन; शेवटच्या थरांना दोन्ही सारखे. वर जाताना तेल वाढलं पाहिजे. खालचा थर जास्त तेलकट राहिला तर तो वरच्याच्या नंतर वाळतो, आत हलतो आणि वरचा फाटतो. पांढरा घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा अंक वाचा: पीडब्ल्यू ६ टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ झिंक. झिंक तेलात कालांतरानं ठिसूळ होतो आणि बऱ्याच स्वस्त ट्यूबमध्ये दोन्ही मिसळलेले असतात. अलिझरिन क्रिमसन, पीआर ८३, पातळ थरात उडून जातो, त्याऐवजी क्विनॅक्रिडोन.

त्वचेच्या ग्लेझला, म्हणजे पातळ पारदर्शक थराला, ट्रान्सपरंट रेड ऑक्साइड आणि रॉ सिएना पुरतात. ब्रशनं लावा आणि मऊ पंच्याच्या तुकड्यानं जवळजवळ सगळं पुसून काढा. एका ग्लेझमध्ये रंग आला पाहिजे असा आग्रह धरला की चेहरा मातकट होतो. तीन-चार थर, मध्ये दोन ते चार दिवस. लवकर वाळणारं अल्किड माध्यम घेतलं तर रोज एक थर जमतो.

तेलात माखलेले कपडे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि कपडा स्वतःहून पेट घेऊ शकतो. झाकणाच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवा, नाहीतर एकेक उलगडून दोरीवर वाळत घाला.

शेवटी स्प्रेचा शिडकावा हवाच असेल तर तो तेलाचाच करा. तेलरंगात अल्किड माध्यम घालून टूथब्रशच्या केसांवरून अंगठा ओढा, किंवा स्टेन्सिलमधून स्पंजच्या कोरड्या ठोक्यांनी लावा. चार फुटांवरून फरक कळत नाही.

भिंतीवर

भिंतीवर तेलरंग विसरा. सिमेंटचा गिलावा अल्कलीयुक्त असतो, तेलाचा साबण होतो आणि रंग चिकट होऊन सुटतो. तिथे ग्लेझिंग करायचं ते अॅक्रेलिकमध्ये: १ भाग एक्स्टिरियर इमल्शन, ४ ते ५ भाग अॅक्रेलिक ग्लेझ मीडियम, पाणी जेमतेम. दहा मिनिटांत वाळतं, त्यामुळे एका वेळी हातभर जागाच घ्या आणि दुसऱ्यानं मागून ओला स्पंज फिरवावा. भिंतीवर प्रशियन ब्लू टाळा, अल्कलीत तो तपकिरी पडतो. गेरू, पिवडी आणि इतर मातीचे रंग निर्धास्त वापरा.

नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्या. जुन्या भिंतीला लोणा लागलाय का ते बघा: पांढरी भुकटी, फुगलेले पापुद्रे, बहुधा जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत. भुकटी कोरड्या ब्रशनं झाडा. पाण्यानं धुतली तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात. शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपनं चिकटवून दुसऱ्या दिवशी बघा. आतून घाम आला असेल तर आधी गळकी पाइप किंवा वरची मोरी शोधा. जुन्या पेठांतल्या वीट-चुन्याच्या भिंतींवर इमल्शनचा बंद थर मारला की आतली ओल कोंडते आणि चित्र गिलाव्यासकट खाली येतं.

१० बाय १५ फुटांच्या भिंतीला अल्कली सोसणारा प्रायमर दीड-दोन लिटर, पार्श्वभूमीचं इमल्शन दोन हातांना ३ लिटर, आणि स्प्रेचे १२ ते १५ कॅन. आराखडा चढवायला दोन रीती आहेत. होर्डिंगवाल्या पेंटरांची चौकटींची: ओळंबा लावून, सूत मारून फूट-फूट चौकटी. दुसरी स्प्रेवाल्यांची: भिंतभर वेडीवाकडी अक्षरं आणि खुणा काढायच्या, फोटो घ्यायचा, त्यावर मोबाइलमध्ये चित्र अर्धपारदर्शक ठेवायचं आणि ‘ग’च्या काण्यापाशी कान, असं बघत रेघ ओढायची. परांची बांधलेली असताना दुसरी रीत सोयीची, कारण बांबू आड येऊन चौकटी मोजता येत नाहीत. शिवाय त्या खुणांतल्या काही तशाच राहू दिल्या की रस्त्याचा थर फुकटात मिळतो. कसबा पेठेत हर्षवर्धन कदम यांच्या पुढाकारानं झालेल्या पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्टनं दाखवून दिलं की पेठेतली खरी भिंत कॅनव्हाससारखी कोरी कधीच नसते. खिडक्या, पाइप, वायरी आधीपासून असतात आणि चित्राला त्यांच्याशी जुळवून घ्यावं लागतं.

परवानगी मालकाची, लेखी. मालमत्ता विद्रूपणाविरुद्धचा राज्याचा १९९५ चा कायदा आहे आणि ‘चित्र चांगलं होतं’ हा त्यात बचाव नाही. महापालिकेची भिंत असेल तर क्षेत्रीय कार्यालयातून. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात उरका. थंडीत दव जाईपर्यंत, साधारण नऊपर्यंत, सुरू करू नका.

वॉर्निश आणि पॅकिंग

मॅट स्प्रेशेजारी तेलाची चकाकी आली की चित्र ठिगळं लावल्यासारखं दिसतं. सगळ्यावर एकच सॅटिन वॉर्निश मारून ते सारखं करता येतं, पण तेलाचा थर पातळ असला तरी सहा महिने थांबा. वॉर्निश पुढे काढता येईल असं आणि व्हाइट स्पिरिटमध्ये विरघळणारं निवडा. जहाल थिनरवालं घेतलं तर पुढे वॉर्निश काढताना राखीव स्प्रेही त्याच्याबरोबर निघेल. काही चित्रकार फरक तसाच ठेवतात, मॅट ते मॅट, चकचकीत ते चकचकीत. जागा नीट राखलेली असेल तर ते जास्त चांगलं दिसतं असं आमचं मत.

कॅनव्हासच्या मागे पेन्सिलनं थरांचा क्रम लिहून ठेवा: जेसो, कोणता स्प्रे, कोणतं मीडियम, कोणत्या महिन्यात तेल. दुरुस्ती करणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. आणि पाठवताना बबल रॅप थेट चित्रावर कधीच नको. स्प्रेचा थर उन्हाळ्यात टेम्पोच्या पत्र्याखाली मऊ पडतो आणि बुडबुड्यांचे गोल कायमचे उमटतात. आधी सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर, मग चारही कोपऱ्यांना थर्माकोलचे ठोकळे, त्यावर पुठ्ठा, आणि बबल रॅप सगळ्यात बाहेर.